मिरजेतला जवारीचा कारखाना: बाप ऐकतो, मुलगा शिकवतो

तंबोरा बोलायचा थांबला असेल, सूत (तारेखाली सरकवायचा दोरा) कितीही सरकवलं तरी तारांचा आवाज मिटूनच राहत असेल, तर तो मिरजेला सतारमेकर गल्लीच्या परिसरातल्या या लहानशा कारखान्यात न्यावा, असं आम्ही निःशंकपणे सांगू. कारखान्याचं नाव इथे देत नाही. हातातली कामंच वेळेवर होत नाहीत, आणखी गर्दी नको, असं घरच्यांचं म्हणणं आहे. गल्लीत जवारीसाठी, म्हणजे तारांखालच्या घोडीची पाठ घासून आवाज खुलवण्याच्या कामासाठी, कुठे जावं असं विचारलं की बहुतेक बोटं याच दाराकडे वळतात.

आत तीन माणसं असतात. सगळे ज्यांना चाचा म्हणतात ते वडील दाराजवळच्या गादीवर बसून तारा चढवतात, पॉलिशचा हात फिरवतात. त्यांचा चाळिशीतला मुलगा आतल्या पाटावर जवारी काढतो. तिसरा आहे नुकताच अठरा ओलांडलेला एक पोरगा. तो घरातला नाही, शेजारच्या गल्लीतला आहे, कॉलेज उरकून दुपारी येतो. त्याला हे काम शिकवतोय तो चाचांचा मुलगा, आणि या कारखान्याची शिफारस करण्याचं आमचं मुख्य कारण हे शिकवणंच आहे. शिकवण्यासाठी प्रत्येक गोष्ट बोलून दाखवावी लागते, त्यामुळे इथे अंदाजाने काही होत नाही. ग्राहकालाही आपल्या वाद्याचं नेमकं काय बिघडलंय ते ऐकायला मिळतं.

मिरजेत वाद्यं बनू लागली ती एकोणिसाव्या शतकात. शिकलगार मंडळी मूळची हत्यारं घडवणारी आणि धार लावणारी. तलवारींचं काम आटलं तेव्हा हेच हात सतार-तंबोऱ्याकडे वळले. त्यात फरीदसाहेब शिकलगार यांचं नाव पहिलं घेतलं जातं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते नव्या वाद्याच्या जातीचं प्रमाणपत्र आहे, जवारीच्या हाताचं नव्हे. चांगला भोपळा, चांगलं तूणाचं लाकूड, सुबक नक्षी, आणि वर घोडी वाईट घासलेली, असा तंबोरा मिरजेतही मिळू शकतो. म्हणून वाद्य कुठून घेतलं याइतकंच ते दुरुस्तीला कुणाकडे देता हे महत्त्वाचं.

आता जवारी. तंबोऱ्याची तार घोडीच्या धारेवर टेकत नाही, ती सव्वा-दीड इंच रुंदीच्या, किंचित उतरत्या पाठीवर निजलेली असते. तार हलली की ती त्या उताराला पुन्हा पुन्हा स्पर्श करते, आणि त्या स्पर्शातून वरचे स्वर उमलतात. तार आणि घोडीच्या मधलं सूत हा स्पर्श नेमका कुठे व्हावा हे ठरवतं. उतार केसाइतका बिघडला तरी सगळं बिघडतं. रोजच्या रियाजाने पोलादी तारा घोडीत चर पाडतात. तार त्या चरात रुतून बसली की उताराला मोकळेपणाने स्पर्श करू शकत नाही, मग आवाज आधी कोरडा होतो आणि नंतर चिरका. रोज वाजणाऱ्या तंबोऱ्यावर हे वर्ष-दोन वर्षांत येतंच. त्यात कुणाचा दोष नाही.

पोरग्याला घालून दिलेला पहिला नियम असा: वाद्य आलं की घोडीला हात लावायचा नाही. आधी ग्राहकाला त्याचा स्वर विचारायचा, तंबोरा त्या स्वरात लावायचा आणि चारही तारा सुताशिवाय ऐकायच्या. मग सूत घालून, मागेपुढे सरकवत, एकेक तार कुठे उघडते ते पाहायचं. चारही सुतं साधारण एका ओळीत आली पाहिजेत. एखादं पार पुढच्या कडेला आणि दुसरं मागच्या टोकाला जात असेल तर घोडीची पाठ एकसारखी राहिलेली नाही. सूत कुठेच जागा धरत नसेल तर मात्र थांबायचं आणि तारा बघायच्या. पोलाद गंजलेलं, खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराची, पितळी तार काळवंडलेली, असं असेल तर आधी नव्या तारा चढवून पुन्हा ऐकायचं. जवारी गेली म्हणून आलेली कितीतरी वाद्यं इथून केवळ तारा बदलून परत जातात. पैसे तारांचेच घेतले जातात. हा प्रामाणिकपणा आम्हाला फार मोलाचा वाटतो, कारण विनाकारण घासलेली घोडी पुन्हा भरून येत नाही.

दुसरी तपासणी तबलीची, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाची. घोडीच्या पायांखाली तबली दबली आहे का, हे पोरगा तिच्यावर आडवी पट्टी ठेवून बघतो. पट्टीच्या मध्याखालून उजेड दिसला तर तबली बसलीय. मूळची गोलाई किती होती हे चाचा सांगतात, कारण काही वाद्यांची तबली मुळातच सपाट असते. तबली बसली असेल तर जवारी काढून उपयोग नाही, महिन्याभरात तार पुन्हा मिटते. आधी तबलीला आतून आधार द्यावा लागतो. ते काम मोठं आहे, आणि ते करायचं की नाही हे ग्राहकाला स्पष्ट विचारलं जातं.

मग घोडी. तंबोऱ्याची घोडी सहसा चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते. म्हणून तारा सैल करण्याआधी तिच्या पायांभोवती तबलीवर पातळ कागदी चिकटपट्टी लावून पेन्सिलीने जागा आखायची. ही एक पायरी गाळली तर सगळी मेहनत वाया जाते. घोडी परत ठेवताना जरा तिरकी बसली तरी तारा उतारावर तिरक्या जातात, आणि उत्तम घासलेली पाठसुद्धा बोलत नाही. अनेक ठिकाणी नजरेच्या अंदाजावर भागवलं जातं. इथे पोरग्याने आखणी केल्याशिवाय मुलगा खुंटीला हात लावू देत नाही.

घासण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. घोडीची सगळी पाठ आधी मऊ पेन्सिलीने काळी करतात. मग बारीक दातांची सपाट कानस दोन्ही हातांत धरून, एकाच दाबाने, तारेच्या दिशेने अगदी थोडी फिरवायची आणि थांबायचं. कानस लागली तिथली पेन्सिल उडते. चरांत ती तशीच काळी राहते, आणि काळं किती उरलंय त्यावरून चर किती खोल आहे ते कळतं. सगळं काळं जाईस्तोवर घासत राहायचं, असं मात्र नाही. शिकणाऱ्याची चूक हमखास इथेच होते. चर जाईपर्यंत उताराची ठेवण तीच राहिली पाहिजे. नजर नुसत्या चरावर ठेवली तर तेवढाच भाग खाली जातो आणि मधे खळगा पडतो. कानशीनंतर 400 चा पॉलिशपेपर, मग 600, मग 1000. शेवटी बोटाला काहीच लागता कामा नये.

तारा परत चढवताना आधी जोड, म्हणजे मधल्या षड्जाच्या दोन तारा, चढते. जोडीच्या दोन तारा सारख्याच असतात, त्यामुळे त्यांत फरक ऐकू आला तर तो घोडीचा आहे हे लगेच समजतं. मग पंचम, आणि सगळ्यात शेवटी खर्ज. खर्जाची तार जाड आणि तिचा झोका मोठा, म्हणून तिच्याखालचा उतार इतरांपेक्षा किंचित जास्त लागतो. चारही तारांखाली एकच उतार ठेवला तर जोड सुरेख उघडते आणि खर्ज खरखरतो. खर्ज जमला की नाही याची परीक्षा एकच: तो एकटा छेडला की त्यातून गंधार (वरचा ग) निघाला पाहिजे. पोरग्याला डोळे मिटून सांगावं लागतं, गंधार आला की नाही, आला तर लगेच आला की थोडा थांबून आला, आणि किती वेळ टिकला. त्याने ‘आला’ म्हटलं आणि मुलाला तो ऐकू आला नाही, तर चर्चा होत नाही. सूत जरासं सरकवून पुन्हा छेडलं जातं, म्हणजे फरक त्याचा त्यालाच ऐकू येतो.

शिकवण्यातली सगळ्यात चांगली गोष्ट भिंतीवरच्या फळीवर आहे. तिथे बिघडलेल्या घोड्या ओळीने मांडल्यात आणि प्रत्येकीच्या बुडाशी काय चुकलं ते पोरग्याच्या अक्षरात लिहिलंय. ‘पुढून जास्त गेली, तार बंद.’ ‘मधे सपाट, चरचर.’ ‘मागे उंचवटा, सूत एकाच जागी धरतं.’ ‘फार उतरली, पायाखाली पट्टी लागेल.’ या साऱ्या शिसवीच्या टाकाऊ तुकड्यांतून सरावासाठी केलेल्या घोड्या आहेत, ग्राहकाची एकही नाही. एखादा तंबोरा आला आणि त्यात तसाच दोष ऐकू आला की मुलगा फळीकडे बोट दाखवतो. पोरग्याने त्यातली जुळणारी घोडी उचलायची. एका दोषाचं नाव, आवाज आणि आकार असं तिन्ही एकत्र त्याच्या ध्यानात बसतं. कानाची कामं शिकवता येत नाहीत, ती अंगातच असावी लागतात, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही फळी येऊन पाहावी.

चाचांची स्वतःची तालीम निराळी झाली. ते सांगतात, ‘आमच्या वेळंला चुकलं की कानस हातातनं काढून घ्यायचे, बस. का काढून घेतली ते आपलं आपण हुडकायचं. ह्यो पोराला बोलून सांगतोय. मला जे कळायला वर्सं गेली ते त्या पोराला महिन्यात कळतंय.’ हे सांगताना त्यांच्या बोलण्यात जुन्या पद्धतीबद्दल तक्रार नसते, सगळा भर मुलाच्या नव्या पद्धतीवर असतो. आणि ते हे जवळपास प्रत्येक ग्राहकाला सांगतात. तारा घ्यायला आलेल्या माणसालासुद्धा फळी दाखवल्याशिवाय सोडत नाहीत.

हा अभिमान कामाच्या व्यवस्थेतही दिसतो. जुने गवई, शिक्षक, भजनी मंडळाची माणसं अजूनही ‘चाचा, तुमच्याच हातची जवारी हवी’ म्हणून येतात. चाचा तंबोरा घेतात, छेडून बघतात आणि आत मुलाच्या पाटावर ठेवतात. ‘माझाच हात हाय त्यो,’ एवढंच म्हणतात. शेवटचं ऐकणं ते अजून स्वतः करतात, पण मुलगा आणि पोरगा यांच्यात घासणीची चर्चा चालू असताना मधे बोलत नाहीत. एखादा ग्राहक मधे बोलू लागला तर त्याला मात्र गप्प करतात. पोरग्याने खर्जातला गंधार बरोबर ओळखला की चाचा त्याच्याकडे पाहत नाहीत, मुलाकडे पाहतात. शाबासकी कुणाला आहे ते घरात सगळ्यांना समजतं.

दारातच एक बायकी तंबोरा काळी चारमध्ये (हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या स्वरात) लावून ठेवलेला असतो. आलेल्या प्रत्येकाला चाचा आधी तो ऐकायला लावतात. चौघी तारा एकसारख्या उघडलेल्या, जोड भरदार, खर्ज लांब टिकणारा. कसा वाटला हे विचारून झाल्यावरच ते सांगतात की ही घोडी पोरग्याने घासलीय. लगोलग पुढचं वाक्य येतं: ‘आन् शिकीवली आमच्या मुलानं.’ हा तंबोरा जरूर ऐका. शिकाऊ हाताचं इतकं समतोल काम आमच्या तरी पाहण्यात नाही. बारकाईने ऐकलं तर पंचम जोडीपेक्षा थोडा जास्त खुला आहे. मुलाला ते ठाऊक आहे. पोरग्याला ते कधी ऐकू येतं याची तो वाट बघतोय, म्हणून त्याने ते दुरुस्त केलेलं नाही.

हे कौतुक घरापुरतं नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाइलमधली ॲप यांनी रियाजाची गरज भागवली, तशी हाताच्या जवारीची कामं कमी झाली आणि कारागिरांच्या मुलांनी दुसऱ्या वाटा धरल्या. किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ ज्या गावात राहिले, ज्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात दरवर्षी संगीतसभा होते, त्या गावात जवारीचा तरुण कान शोधावा लागावा ही काळजीची गोष्ट आहे. घराबाहेरच्या पोरग्याला इतकं उघड करून शिकवणारे तर फारच थोडे. चाचांना मुलाचा अभिमान वाटतो तो नेमका यासाठी, आणि आम्हाला तो पूर्णपणे रास्त वाटतो.

बाकीच्या कामांबद्दल थोडक्यात. भोपळ्याची तडक इथे चांगली बुजवतात. आतून कापडाची पट्टी आणि सरस, बाहेरून भुसा-सरसाचं भरण, वर चपड्याचं पॉलिश. गळ्याचा सांधा निखळला असेल तर तोही सरसानेच बसवतात, आणि ते योग्यच आहे. सरसाचा सांधा पुढे कधी ऊब देऊन उघडता येतो. बाजारातल्या पांढऱ्या डिंकाने बसवलेला सांधा नंतर काढताना लाकूड फुटण्याची भीती असते. खुंट्या पावसाळ्यात फुगून अडकतात आणि कोरड्या हवेत सटकतात. अडकणाऱ्या खुंटीला कोरडा साबण, सटकणारीला खडू, हा उपाय ते फुकट सांगतात. खुंटीचं भोकच झिजलं असेल तर नवी खुंटी बसवून देतात. पॉलिशचं काम मात्र मध्यम आहे. जुन्या रंगाशी नवा रंग जुळेलच असं नाही. दिसण्याला फार जपणाऱ्यांनी ते दुसरीकडे करून घ्यावं.

उणिवाही आहेत. वेळ पाळली जात नाही. दसऱ्यापासून मैफलींचे दिवस सुरू होतात तेव्हा तर दिलेल्या तारखेवर विसंबूच नये. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा मागून घ्या, आणि तीवर घोडी जुनीच की नवी, तारा बदलल्या की नाहीत, हे लिहून घ्या. घासण्याचे आणि नव्या घोडीचे भाव वेगळे आहेत, ते आधीच विचारावेत. जुन्या वाद्यांवर सांबरशिंगाची घोडी असते. शिंगाचं नवं काम इथे करत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो व्यवहार चालत नाही. पर्याय म्हणून शिसवी, आबनूस किंवा कृत्रिम पदार्थाची घोडी मिळते. आमची पसंती आबनुसाला आहे, तिच्यावर चर उशिरा पडतात आणि आवाज कोरडा होत नाही.

वाद्य नेताना तारा पूर्ण सैल करू नका, नाहीतर घोडी वाटेत घसरेल आणि तबलीवर ओरखडे येतील. दोन-तीन स्वर उतरवा, घोडीच्या मागेपुढे मऊ कापड ठेवा, आणि गळ्याच्या सांध्याखाली घडी घातलेला टॉवेल द्या. रेल्वेच्या धक्क्यांत तंबोरा मोडतो तो बहुधा तिथेच. स्वर बारीक जुळवायचे मणी आणि जुनं सूत काढून वेगळ्या पुडीत ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमचा स्वर नक्की सांगा. जवारी ताणावर अवलंबून असते. काळी एकमध्ये काढलेली जवारी पांढरी तीनमध्ये लावली की मिटते किंवा चरचरते, आणि मग दोष कारागिराला दिला जातो. घरात पुरुष आणि बाई दोघंही एकाच तंबोऱ्यावर गात असतील, तर जास्त रियाज कुणाचा त्याचाच स्वर द्या. दोन्ही स्वरांत बोलणारी जवारी मागू नका, ती कुणालाच देता येत नाही.

ताबा घेताना घाई करू नये. तंबोरा मांडीवर घेऊन, स्वतः लावून, किमान दहा मिनिटं छेडा. नव्या तारा पहिल्या दिवशी ताणत राहतात, त्यामुळे स्वर उतरला तर तो दोष समजू नका. सूत मात्र हलवून बघा. प्रत्येक तारेला सूत सापडण्याची जागा चिमटीएवढी तरी रुंद असावी. केसभर सरकताच आवाज मिटत असेल तर तिथल्या तिथे सांगा, मुलगा तक्रार न करता पुन्हा उघडतो. घरी नेल्यावर आठवड्याने तारा बसल्या की सूत एकदा नव्याने लावावं लागतं. ते कसं लावायचं हे पोरगा दाखवतो, आणि फार छान दाखवतो. मैफलीचा तंबोरा मुलाकडेच द्या. रियाजाचा असेल आणि थोडा धीर असेल तर घासणी पोरग्याकडून करून घ्यायला काहीच हरकत नाही, त्याच्या प्रत्येक कामावर मुलाचा आणि चाचांचा कान फिरूनच वाद्य बाहेर पडतं. तसं हवं असेल तर ते चाचांपाशी बोला, मुलापाशी नको. मुलगा संकोचतो, चाचा लगेच पोरग्याला हाक मारतात.